हरण्याचा मालक

तमाम जनतेस कळवण्यात येते की, आष्टी तालुक्यातल्या आमच्या चारा छावणीत सर्वांत तरुण माणूस मीच होतो. वय बावन्न, दोन्ही गुडघे दुखरे. टाळ्या नकोत.

छावणी म्हणजे दुष्काळात जनावरं जगवायचा तळ. आमची सहकारी दूध संस्था ती चालवायची आणि मी तिचा जनावरांचा डॉक्टर. धडधाकट माणसं मुकादमाबरोबर ऊसतोडीला गेलेली. गुरांपाशी उरले म्हातारे. जनावर तळावर, तोवर मालक तळावर, असा नियम.

किसनबाबा पंच्याहत्तरीचे. त्यांचा एकच बैल, हरण्या. मुलं-सुना ऊसतोडीला, घराला कुलूप. माझ्या असिस्टंटची पोस्ट रिकामी होती, ते काम बाबाच करायचे, फुकट. बैल कितीही मारका असो, बाबा वेसण धरून त्याच्या कानात पुटपुटायचे आणि मी सुई टोचायचो.

"काय सांगता हो त्याला?"

"डाक्टर लई भितंय तुला, म्हन्तो. जरा दया कर."

एके दिवशी हरण्याचं रवंथ थांबलं. पोट फुगलं. ऑपरेशन केलं, मान बाबांनीच धरली. आतून घमेलंभर प्लॅस्टिकच्या पिशव्या निघाल्या. चारा नसला की जनावर काहीही खातं. उशीर झाला होता. बैल गेला, तरी बाबा मान सोडेनात.

सकाळी मी संस्थेच्या सचिवांना गाठलं.

"साहेब, बाबांना हेल्पर म्हणून घ्या."

"साठीच्या वर नको. बैलानं शिंग मारलं तर विमा कोण देणार?"

"इतके दिवस मारलं असतं तर?"

"तेव्हा ते मालक होते, डॉक्टर. कामगार नव्हते."

मी, जन्माचा बडबड्या, बाबांना एवढंच सांगून आलो: वय जास्त भरलं.

बाबा त्याच दिवशी तळ सोडून गेले. पुढच्या दोन महिन्यांत मी तीन लाथा खाल्ल्या आणि एक धडा शिकलो: कामाला कुठलंही वय चालतं, नेमणुकीला चालत नाही.

त्या दिवशी बाबा निघण्याआधी जनावरांची हजेरी झाली होती. सचिव यादीतून हरण्याला खोडत होते. तेव्हा सगळ्या तळादेखत बाबा बोलून गेले,

"सायेब, मानूस म्हून वय जास्ती हाय ना माजं? मग जनावर म्हून लिव्हा. वैरण बी लागायची न्हाई."