पडद्यामागचा हात

मुजफ्फर मणियाराने सावली तालुक्यातल्या निम्म्या बायांच्या हातांत बांगड्या भरल्या, आणि उतारवयात नशिबाने त्याला गावच्या दवाखान्यात टीव्ही पुसायला बसवलं. त्या टीव्हीत डॉक्टर निकेश दिसायचे. बसायचे नागपुरात, तपासायचे इथं. कसं, ते विचारू नका. सरकारी काम आहे, होऊन जातं.

पहिल्याच दिवशी डॉक्टर गुणाबाईला म्हणाले, "हात दाखवा, बाई." आता आपल्याकडे हात दाखवायचा म्हणजे नाडी धरायला द्यायची. बाईने हात टीव्हीला टेकवला आणि पाच मिनिटं तशीच उभी राहिली. मग भडकली.

"धरून तं पाहा! हात न धरता दवाई सांगते? मी काय टीव्हीतली बातमी आहो?"

पायाची जखम घेऊन बाई तरातरा घरी गेली. तिला शुगर होती, जखम चिघळत होती. मुजफ्फरचा जीव वरखाली व्हायला लागला. शेवटी त्याने टीव्हीखाली हिरवा पडदा टांगला, आत स्टूल टाकलं आणि निरोप धाडला की डॉक्टरले हात फुटला, या.

बाई आली. वर डॉक्टर बोलले, खाली पडद्यातून हात आला आणि त्याने तिचा हात धरला. बाईने गोळ्या घेतल्या! महिनाभरात झिंगू, रुखमाबाई, सारं गाव रांगेत. तिकडे नागपुरात डॉक्टर खूश. आपण इथं कोणाकोणाचे हात धरतो आहोत, याची बिचाऱ्याला कल्पनाच नाही.

पण गुणाबाईच्या पायाचा अंगठा काळा पडला. गडचिरोलीला जाऊन कापला नाही, तर पाय जाणार. बाई ऐकेना, म्हणून डॉक्टर स्वतः जीपने आले. मुजफ्फरला घाम फुटला. आता पितळ उघडं पडणार आणि बाई घरी बसून मरणार.

डॉक्टरांनी दोन बोटांनी तिचं मनगट उचललं, घड्याळ पाहिलं, सोडलं.

"हा डॉक्टर नाई," बाई म्हणाली. "मी कुठी जात नाई."

मुजफ्फरला राहवलं नाही. "बाई, माफ कर. तो हात माझा होता."

"मले मालूम नाई काय? माझ्या लग्नाचा चुडा तूच भरला ना, भाऊ!"

"मंग आजवर बोलली काऊन नाई?"

"काऊन बोलू? डोस्कं त्याचं, हात तुहा. दोघं मिळून एक डॉक्टर होते. अर्ध्या डॉक्टरच्या भरोशावर अंगठा कापू काय?"

डॉक्टरांचं तोंड एवढंसं झालं. मग ते चक्क फरशीवर बसले. "भाई, कसा धरायचा ते दाखवा."

"दाबू नका, साहेब. घड्याळ खिशात टाका. घाई नाई करायची."

एक मिनिट गेलं, पाच गेली. बाहेर जीपवाला हॉर्न मारमारून थकला.

"हे थरथर कोनाची होऊन राह्यली?" बाईने विचारलं.

"माझी," डॉक्टर म्हणाले. "इतका वेळ कोणाचा हात धरलाच नव्हता."

"मलेबी लय भेव वाटून राह्यलं, बाबू," गुणाबाई म्हणाली. "गडचिरोलीपर्यंत सोडू नको."