शेवटचा खांब काढायचा राहिला

आपल्याकडे फोटोही काढतात आणि खांबही काढतात. या एका शब्दाने जयराम फोटोवाल्याचा गळा आवळला.

तोंडवलीकडच्या वाडीत त्याने आयुष्यभर लग्नं टिपली. नवरीला उभी कर, मामाला जवळ घे, हसा. पोट भरलं, पण जीव रमला तो रवळनाथाच्या देवळातल्या जुन्या लाकडी सभामंडपात. मुंबईची नोकरी संपवून आलेले देवस्थान कमिटीचे अध्यक्ष बाळाकाका यांना तोच पाडून सिमेंटचा हवा होता. जयरामने ठरवलं, लोकांना मंडप एकदा नीट दाखवायचा, म्हणजे पाडायचं नाव कोणी घेणार नाही. कॅमेरा फळीवर बसवून तो प्रत्येक खांबाचे दोन फोटो घेऊ लागला. आधी डावा, मग कॅमेरा दोन डोळ्यांतल्या अंतराएवढा सरकवून उजवा. दोन भिंगांच्या पेटीतून ते एकदम पाहिले की कोरलेला मोर खांबातून बाहेर येई.

गाव खुळावलं. सुगंधाकाकी तर पेटीला डोळे लावून हवेतच मोर चाचपत होती. "जिवंत आसा गो!" जयरामला वाटलं, जिंकलो. भोळा माणूस!

मग देवाला कौल लावला. "जुनो मंडप जपाक होयो काय, म्हाराजा?" मूर्तीवर चिकटवलेल्या पाकळ्यांतली उजवी आधी गळली, म्हणजे देवाचा होकार. जपा! जयरामच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढ्यात बाळाकाका हळूच म्हणाले, "मगे जपलोच आसा मा! जयरामाच्या पेटयेत." गाऱ्हाणं घालणाऱ्या शिवादादाने लगेच पुढची ओळ उचलली. "पेटयेत जपलेलो मंडप मान्य करून घे, नि नव्या मंडपाक राजी हो, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे गरजले. गाऱ्हाण्याच्या प्रत्येक ओळीला लहानपणापासून तोंड आपसूक तेच म्हणतं. जयरामचंही म्हणालं, आणि मग तो थिजला. देवासमोर हो म्हटलेलं मागे कसं घ्यायचं? घेतलं तर दारात कोणी फिरकायचं नाही. निघून जावं, तर घर इथलं, गिऱ्हाईक इथलं, देवही इथलाच.

सगळे खांब फोटोत आले की पाडायचं, असं ठरलं. तेव्हापासून जयराम फोटो काढत नव्हता, एकेका खांबाला फाशी देत होता. शेवटचा उरला तसा त्याचा हात चालेना. आज ढग आसत, आज बॅटरी उतरली, आज कंबर धरली. बाजारात मासेवाली विचारी, "खांब काढलंस काय?" घरी कावेरी विचारी, "अजून नाय काढलंस? लोक नावां ठेवतत." बायकोने तरी निराळा शब्द वापरावा की नाही!

एका सकाळी बाळाकाका दोरखंड नि गडी घेऊनच आले. जयरामने फळी मांडली. डावा फोटो घेतला. कॅमेरा सरकवला. बटणावर बोट ठेवलं आणि ते तसंच धरून राहिला. हे बटण दाबेपर्यंत खांब उभा आहे, एवढंच त्याला कळत होतं.

"जयरामा, काढलंस रे?" पायरीवरून बाळाकाकांनी हाक दिली.

"व्हय," तोंड बोलून गेलं.

दोरखंड खांबाला पडला. 'थांबा' हा शब्द त्याच्या घशापर्यंत आला होता. पण सगळ्या गावासमोर तो उच्चारायची त्याची छाती झाली नाही, आणि याची त्याला आजही लाज वाटते. धूळ उडाली तसा त्याने कॅमेऱ्यावर पंचा टाकला.

पेटी आता नव्या मंडपात काचेच्या कपाटात असते. जत्रेला लोक रांग लावून मोर चाचपतात. शेवटच्या खांबाचा मोर मात्र कोणाच्या हाताला लागत नाही. उजवा फोटोच नाही, म्हणून जयरामने दोन्हीकडे डावाच लावला आहे. तो खांब कॅलेंडरावरच्या चित्रासारखा सपाट दिसतो.

परवा कावेरीने पेटीला डोळे लावले. पाहून झाल्यावर समाधानाने म्हणाली, "बरा झाला. सगळे खांब इले मा हेच्यात?"

"व्हय," जयराम म्हणाला.