सिएनाची फरशी

अण्णा गेल्याचा धाकट्या भावाचा फोन आला तेव्हा मी ओहायोत, डब्लिनच्या ऑफिसात होते. मीटिंग संपवूनच उठले. डोळ्यांपुढे मात्र सांगलीचं घर नाही, इटली आली...

तीन वर्षांपूर्वी अण्णा आमच्याकडे सहा महिने राहिले, तेव्हा मी त्यांना इथल्या मराठी लोकांच्या टूरमधून तिकडे नेलं होतं. अण्णांनी जन्मभर लोकांच्या घरच्या फरश्या घासून पॉलिश केल्या. ॲसिडनं बोटं इतकी झिजली होती, की अमेरिकेत उतरताना विमानतळावरच्या मशीनवर बोटांचे ठसेच उमटेनात. त्या घासकामावर मी इंजिनियर झाले, आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट. हे मी अभिमानाने सांगते. पुढचं सांगायला जड जातं.

रोममध्ये सगळे माना वर करून छतं बघत, अण्णा खाली. सिएनाच्या चर्चमध्ये तर अख्ख्या जमिनीवर रंगीत संगमरवराची चित्रं. अण्णांनी दारातच बूट काढले. पॉलिशच्या फरशीवर ते कधीच पायताण घालून जात नसत. मग उकिडवे बसून दोन दगडांच्या सांध्यावरून तळवा फिरवायला लागले. "बघ गं, नख अडकत नाही कुठं. मशीन नव्हतं तेव्हा." आवाजात काय आनंद होता! मी बघत होते रखवालदाराकडे. तो बुटांकडे बोट दाखवत येत होता.

"अण्णा, बूट घाला आधी. लोक बघतायत."

आमच्या ग्रुपमधल्या, डब्लिनच्याच एक काकू हसत म्हणाल्या, "काकांना फरशीत भारीच इंटरेस्ट! काय करायचे ते?"

"कन्स्ट्रक्शनचा बिझनेस होता," मी म्हटलं.

अण्णा बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि काकूंना म्हणाले, "हो, होता थोडाफार. आता पोरांनी बंद करायला लावला."

मला वाचवलं त्यांनी. त्यानंतर सहा दिवस, फ्लॉरेन्स, व्हेनिस, ते एकाही फरशीला हात लावायला गेले नाहीत. वर बघा म्हटलं की वर बघायचे. जेवण सोडलं तर हात सतत कोटाच्या खिशात. मला वाटलं, थंडी वाजत असेल... की तसं वाटून घेतलं?

गेल्या महिन्यात त्या काकू भेटायला आल्या. हॉलमधल्या व्हेनिसच्या फोटोसमोर थांबल्या. "किती रुबाबदार गं. बिझनेसमन शोभायचे अगदी."

"हो," मी म्हणाले आणि चहा टाकायला आत गेले.

म्हणून हे लिहिलं. माझे वडील फरशीवाले होते, काकू. फोटो बदलावा म्हणून मी परवा फोनमधले त्या टूरचे सगळे फोटो पाहिले. सिएनानंतरच्या एकातही त्यांचे हात दिसत नाहीत. आणि सिएनात, ते फरशीवर बसले होते तेव्हा, मी फोटो काढला नव्हता.