सूर्यफुलामागचे शंकरकाका

सासऱ्यांच्या पंच्याहत्तरीसाठी फोटोंचं प्रेझेंटेशन बनवताना मी त्यांच्या सख्ख्या भावाच्या तोंडावर सूर्यफूल ठेवलं. प्रत्येक फोटोत.

कल्पना माझी नव्हती (फूल तेवढं माझं). काटोलला दोघा भावांच्या बागांमधल्या धुऱ्यावर, बांधावर, संत्र्याचं एक झाड आहे. ते कोणाचं, यावरून मामाजी, म्हणजे माझे सासरे, आणि शंकरकाका कित्येक वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. जुन्या फोटोंत मात्र दोघे गळ्यात गळे घालून.

"काका दिसला तर हे ताटावरून उठतील," मामीजींनी, म्हणजे सासूबाईंनी बजावलं. "कसंबी करा, पण त्याले झाका."

माझ्या नव्याकोऱ्या लॅपटॉपात प्रेझेंटेशनची अगदी ताजी आवृत्ती होती आणि तिच्यात तयार फुलांचा बगीचाच. काकांच्या मापाचं फूल निवडून डकवत गेलो. बायको म्हणाली, "त्यापेक्षा फोटो कापा ना." मी म्हणालो, "कापल्याने कलात्मकता जाते." (हे वाक्य ती आजही पाहुण्यांना ऐकवते.)

कार्यक्रमाच्या दिवशी मनीषनगरच्या हॉलमधल्या कॉम्प्युटरवरची आवृत्ती इतकी जुनी निघाली, की तिला वाकून नमस्कारच करावा. पहिलाच फोटो लागला आणि फूल गायब. पडद्यावर भिंतभर शंकरकाका, हसतमुख.

मामाजींचं लक्ष जायच्या आत मी झडप घालून प्रोजेक्टर झाकला. "फुलं कुठं गेली?"

"कोणती फुलं गा भाऊ?" हॉलवाला म्हणाला. "ह्याले नव्या वर्जनचं दिसत नाही. जुन्यात सेव्ह करून आणाची होती."

धावत गाडीतून लॅपटॉप आणला, फाइल जुन्यात सेव्ह केली, आणि तपासायचं सोडून विजयी मुद्रेने ती लावली. फुलं आली. एकूण एक आली. फक्त वीतभर बाजूला सरकून आली.

शाळेच्या फोटोत शंकरकाका आणि सूर्यफूल. बैलगाडीवर शंकरकाका आणि सूर्यफूल. मग लग्नाचा फोटो : मामीजींच्या शेजारी मुंडावळ्या बांधलेलं सूर्यफूल, आणि मागे खुशीत शंकरकाका!

मामीजींनी डोळे मिटले. मामाजी उठले.

"जावईबापू, पंच्याहत्तरी माही हाय का शंकऱ्याची?"

"मामाजी, ते वर्जन जरा..."

ते पाठ फिरवून उभे राहिले. खांदे थरथरू लागले. बीपी वाढलं, असं समजून मी पाण्याला धावलो, तर मामाजी हसत होते. डोळे पुसत त्यांनी फोन लावला.

"शंकऱ्या, काय करून राहिला बे? माह्या कार्यक्रमात चहूकडं तूच दिसून राहिला. मी फूल झालो. ये, पाह्यले ये. जेवाचा थांबतो मी."

पंगती उठायच्या आत काका हजर. दोघा भावांनी एकमेकांना टाळ्या देत ते प्रेझेंटेशन पुन्हा पाहिलं, आणि लग्नाचा फोटो तर थांबवून पाहिला. आपण दोन घरं जोडली, या थाटात मी मामीजींसमोर जाऊन उभा राहिलो.

त्यांनी माझ्या ताटात जिलबी वाढली.

"बरं झालं जावईबापू, तुमाले एक काम धड येत नाही. आलं असतं, तर हे दोघं असेच न बोलता मेले असते."