वासूच्या सायकलीचा तडा

लांबच्या प्रवासाला कुठली सायकल घ्यावी, असं मला विचारा, मी तासभर बोलेन. बोलतोच. शाळेत, लग्नाच्या मांडवात, फोनवर. पण त्या तासाभरात एक गोष्ट मी दर वेळी गाळतो. पाच वर्षं गाळत आलोय. बायकोला ती माहीत नाही, शाळेतल्या कुणाला माहीत नाही. तुमच्याजवळ पहिल्यांदाच तोंड उघडतोय, तेव्हा थोडा अडखळेन.

वासूपासून सुरुवात करतो. वासू आणि मी कणकवलीच्या हायस्कुलात एका बाकावर बसायचो. मी मसुऱ्याचा, तो नांदगावचा. मी पुढे शिक्षक झालो. त्याने नांदगावातच जळालेल्या पंपांच्या मोटरी दुरुस्त करायचं दुकान टाकलं. पन्नाशी जवळ आली आणि दोघांना एकच खूळ लागलं – सायकलने कन्याकुमारी गाठायची. खूळ आधी कुणाला लागलं? भाषणात मी म्हणतो, “माझ्या मनात आलं.” आलं वासूच्या मनात. हेही आजच सांगतोय.

मी कोल्हापुरात जाऊन सायकल आणली. ॲल्युमिनियमची, चकचकीत, बारीक टायरांची. दुकानात उभी होती तेव्हा इतकी देखणी दिसत होती की बसून बघायचंही सुचलं नाही. वासूने ती उचलून पाहिली, खाली ठेवली आणि हसला.

“हलकी आसा रे. पण सायकल हलकी होयी की दमदार? आणि ह्यां मोडलां तर खंय जातलंस? लोखंड मोडलां तर खंयच्याय गावात वेल्डिंगवालो मेळात.”

त्याची स्वतःची सायकल जुनी, जाड नळ्यांची, हिरवी. दोन वर्षं तो तिच्यात एकेक गोष्ट घालत होता. चढावर पाय मोडू नयेत म्हणून हलके गिअर, ओझं पेलणारी छत्तीस आऱ्यांची चाकं, रुंद टायर. ओझं पाठीवर कधी घ्यायचं नाही, सायकलीवर द्यायचं, तेही दोन्ही बाजूंना सारखं – हे त्याचंच. निघण्याआधी पिशव्यांत तांदूळ भरून चढ चढून बघायचा, हेही त्याचंच. त्याची बायको, सुलभावहिनी, शाळेचे गणवेश शिवतात. त्यांनी ताडपत्रीच्या चार पिशव्या शिवल्या, दोन त्याच्यासाठी आणि दोन माझ्यासाठी. माझ्या सायकलीची बारीक टायरांची चाकं एवढं ओझं सोसणार नव्हती, म्हणून वासूने दुकानाचं काम बाजूला ठेवून तिची दोन्ही चाकंच नव्याने बांधली. एक अख्खा रविवार. मी शेजारी बसून चहा पीत होतो.

आता ते सांगायला हवं, जे मी लांबवतोय.

तांदूळ भरून आम्ही सरावाला निघालो. नांदगावहून तळेरे, तिथून विजयदुर्गच्या रस्त्याला. तो रस्ता खालीवर, खालीवर, सपाट असा नाहीच. वासू आपल्या लयीत चढत होता. मी दोनदा उतरून चाललो. मग मला पंक्चर झालं आणि तेही त्यानेच काढलं, एका चहाच्या टपरीसमोर. टपरीवाल्याला सगळी हकिकत कळल्यावर तो वासूकडे कौतुकाने बघत राहिला. मग माझ्याकडे बोट करून त्याने विचारलं, “आणि ह्ये? ह्ये तुमच्यावांगडा आसत?”

तुमच्याबरोबर आहेत का – एवढंच. त्यात वाईट काय होतं? काहीच नाही. पण परतीच्या वाटेवर मला दुसरं काही सुचेना. डोळ्यांसमोर पुढचे वीस-पंचवीस दिवस दिसायला लागले. प्रत्येक गावात लोक त्याच्याशी बोलणार, तो माझी चाकं सरळ करणार, आणि मी कोण? वांगडा असलेला. हार घालतील ते दोघांना, पण मला ठाऊक असणार की प्रवास त्याचा होता. माझी त्याच्यावर कसली तक्रार असती तर आज सांगायला काहीतरी असतं. तक्रार नव्हती. तो माझ्यापेक्षा बरा होता, एवढंच मला सहन झालं नाही.

निघायला आठ दिवस होते. त्याच्या अंगणात सायकली उलट्या करून आम्ही शेवटची तपासणी करत होतो. त्याच्या सायकलीच्या खालच्या सांध्यावर, जिथे पॅडलचा दांडा आत जातो तिथे, हिरव्या रंगात एक काळी रेघ होती. चेन घासून रंग उडालेला. मी अंगठा फिरवला. खाली लोखंड गुळगुळीत लागलं. मला कळलं होतं – हे नीट ऐका – मला त्या क्षणी कळलं होतं की ती रेघ फक्त रंगावरची आहे.

आणि मी म्हटलं, “वासू, हो तडो आसा रे.”

त्याला जवळचं कमी दिसतं, चष्मा दुकानात राहिला होता. तो वाकला, डोळे बारीक केले. “खरांच?”

“फ्रेम गेली,” मी म्हटलं. शिक्षकाच्या आवाजात.

“मगे वेल्डिंग करून घेतंय. दोन दिवसांचा काम.”

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. जोडलेल्या सायकलीवर घाट उतरायचा नाही, म्हणजे नाही. मुलीच्या शपथेपर्यंत गोष्ट गेली. वासू माझ्याकडे बघत होता. मी एक शब्द बोललो असतो तरी भागलं असतं. मी वहिनींकडे बघून मान हलवली – बरोबर बोलताय म्हणून.

चार दिवसांनी वासू आपल्या दोन पिशव्या घेऊन मसुऱ्याला आला. चारही मीच घेऊन जाव्यात, म्हणाला. आपलं मऊ पडलेलं चामड्याचं सीट काढून त्याने माझ्या सायकलीला बसवलं. माझ्या चाकाच्या मापाचे चार आरे कापून मागच्या नळीला टेपने चिकटवले. मागचे गिअर काढायचं हत्यार दिलं, आणि आरा कसा बदलायचा ते माझ्याकडून तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा जमलं तेव्हा पाठीवर थाप मारून गेला.

मी एकटा गेलो. गोकर्णच्या अलीकडे एका चढावर मागचा आरा तुटला आणि रस्त्याकडेला बसून मी तो बदलला. केरळात तीन दिवस पाऊस होता, पण पिशव्यांतला एक कपडा भिजला नाही. त्या सीटवर मला एक फोड आला नाही. कन्याकुमारीला पोचलो ते वासूच्या वस्तूंवर बसून. तिथे समुद्रासमोर उभा असताना मनात आलं ते त्याचंच नाव. फोन मात्र मी आधी शाळेत लावला.

सत्कार झाले. वासू पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता. आणि वहिनी – ज्या दिवसासाठी त्यांनी चार पिशव्या शिवल्या तो दिवस मी त्यांच्या घरातून चोरला, त्या वहिनी – तेव्हापासून माझे आभार मानतात. घरी गेलं की घावणे आणि नारळाचा रस पुढे येतो. “भावजी, तुमी बघितलात म्हणान ह्ये वाचले. नायतर खंयच्या घाटात पडले असते!” पाच वर्षं मी ते घावणे खातोय. वासूला त्या सायकलीवर तळेऱ्याच्या पुढे जायला अजून बंदी आहे.

गेल्या डिसेंबरात वासूने सायकल रंगवायला काढली. मी धरायला होतो. उलटी केली तर त्या सांध्यावर रुपयाएवढा डाग वेगळ्याच हिरव्या रंगाचा, नीट पुसून लावलेला. मी बघत राहिलो. वासूने मान वर केली नाही.

“त्याच सांजेक घासून बघितलंय,” तो म्हणाला. “चष्मो लावून. तडो नव्हतो.”

माझ्या हातातलं चाक सुटलं.

“मगे बोललंस कित्याक नाय?” मी विचारलं.

“बोलून काय? तुका एकट्याक जावचा होता, तां माका कळला.” मग पॉलिश पेपर माझ्याकडे सरकवत म्हणाला, “हिकडसून घास.”

म्हणजे मसुऱ्याला पिशव्या घेऊन आला तेव्हा त्याला ठाऊक होतं. आरे कापताना, तीनदा शिकवताना, पहिल्या रांगेत टाळ्या वाजवताना. वहिनींना त्याने सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्याची बंदी उठली असती आणि माझे घावणे बंद झाले असते. तो तळेऱ्यापर्यंत जाऊन परत येत राहिला.

असा माणूस एखाद्याला आयुष्यात मिळतो, आणि मला मिळाला. त्याबद्दल मी रोज मनात हात जोडतो. पण कृतज्ञ आहे म्हणून खोटं कमी होत नाही. वासूच्या सायकलीला तडा नव्हता. मला तो दिसला नव्हता. मी जाणूनबुजून बोललो, मान हलवली आणि पाच वर्षं जेवलो.

वहिनींना अजून माहीत नाही. उद्या रविवार. हे सगळं लिहिलेला हा कागद घेऊन सकाळच्या गाडीने मी नांदगावला जाणार आहे, आणि तुमच्या हाती पडण्याआधी तो त्यांना वाचून दाखवणार आहे. त्या शिवणयंत्रावर बसलेल्या असतील. मी उभ्यानेच वाचेन.