शेवटचा गडी

दुपारचं जेवण अंगावर आलेलं आहे. हिंदूराव मास्तर सोप्यातल्या बाजेवर आडवे होतात, टॉवेल डोळ्यांवर ओढतात आणि आता कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची नाही असं ठरवून टाकतात. सकाळपासून गावाने त्यांचं डोकं खाल्लं आहे. कबड्डीचा अंतिम सामना काल हातातोंडाशी आला होता आणि एका गुणाने गेला. तेव्हापासून ज्याने आयुष्यात कधी मैदानात पाय टाकला नाही, तोही येऊन विचारून जातो, मास्तर, शेवटाला असं का केलं?

काय केलं होतं? मास्तरांनी शिकवलेला संघ पुढे होता. खेळ संपायला थोडीच मिनिटं उरली होती आणि मैदानात आपला एकच गडी शिल्लक होता, रणधीर. मास्तरांनी कडेवरून त्याला हात केला, रेषेबाहेर पाऊल टाक, बाद हो. एकटा उरलेला गडी कधीतरी धरला जाणारच. तो बाद झाला की लोण चढतो, समोरच्यांना दोन गुण जादा मिळतात, पण आपले सातच्या सात गडी परत आत येतात. हिशेब चोख होता. पोरं आत आली आणि ढेपाळली, त्याला मास्तर काय करणार? रणधीर मात्र रडकुंडीला येऊन सांगत होता की तो टिकला असता.

मास्तरांना गावाच्या बोलण्याचं फारसं काही वाटत नाही. ज्या माणसाने विचारायला हवं होतं, ते माणूस गेल्या वर्षी गेलं. शालन, त्यांची बायको. बायकांच्या घोळक्यात पुढे बसून ती प्रत्येक सामना बघायची आणि रात्री भाकरी वाढता वाढता शेवटच्या मिनिटांची उलटतपासणी घ्यायची. मास्तर वैतागायचे, ताटावरून उठायची धमकी द्यायचे आणि दुसरी भाकरी मागायचे. काल रात्री ते मुकाट्याने जेवले. सुनेने आणखी काही हवं का एवढंच विचारलं.

टॉवेलच्या आतला उजेड पिवळा पिवळा होत जातो. बाजेचं सुंभ पाठीला टोचत असतं, ते टोचायचं थांबतं. मास्तर मैदानाच्या कडेला खुर्चीवर बसले आहेत. समोर कुणी खेळत नाही. शेजारच्या खुर्चीवर शालन मांडीत पातेलं घेऊन मेथी निवडते आहे.

"रणधीरला भाईर का काढलं वो?" ती विचारते. वर बघत नाही.

मास्तरांना एकदम बरं वाटतं. ते सगळं नीट समजावून सांगतात, गुण, उरलेला वेळ, लोण. ती मेथीच्या काड्या मोडत ऐकून घेते. मग म्हणते की पोराचा दम चांगला होता, तिने ऐकला होता. ती कुठे बसून ऐकत होती, हे विचारायचं मास्तरांना सुचत नाही.

"त्याला इचारलं हुतं का?"

"चालू खेळात कोण विचारतं? वेळ कुठे असतो?"

"टाइम आऊट शिल्लक हुता की."

होता. अख्ख्या गावात हे एकाच्याही ध्यानात आलेलं नाही. मास्तर मान खाली घालतात, तर पायाखालची मॅट फरशी झालेली असते. मेथीचा वास जातो आणि फिनेलचा येतो. सांगलीच्या दवाखान्यातला तो लांब बोळ आहे, फक्त त्याच्या मधोमध चुन्याची मध्यरेषा आखलेली आहे. रेषेवर तरुण डॉक्टर उभा आहे आणि गेल्या वर्षी बोलला होता तेच बोलतो. मशीनवर घ्यावं लागेल. कदाचित निभावतील, कदाचित नाही. त्या शुद्धीवर आहेत, त्यांना विचारून सांगा.

मास्तर तेव्हा आत गेलेच नव्हते. तिथेच उभं राहून म्हणाले होते, घरी नेतो. शालनला घरी आणलं आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. घरची पोरं म्हणाली, आबा, तुम्ही केलं ते बरोबरच. सगळेच तसं म्हणाले.

आता मात्र त्यांचे पाय आपोआप रेषा ओलांडतात. तोंडातून कबड्डी कबड्डी सुरू होतं. ते दारातून आत जातात, रिकाम्या खाटेला हात लावतात आणि झटकन माघारी वळतात. रेषा हातभर अंतरावर असताना मागून घोटा धरला जातो. शालन फरशीवर पालथी पडली आहे, केस सुटलेत, आणि तिने त्यांचा पाय गच्च धरला आहे.

"तुमच्या खेळात भाईर घातलेला परत आत येतो," ती म्हणते. "मला कोन आत घेनार हुतं?"

मास्तर कबड्डी कबड्डी म्हणत राहतात. दम चालू आहे तोवर दुसरं काही बोलायला लागत नाही. वर्षभर त्यांनी हेच केलं आहे, पोरांच्या सरावात, सामन्यांत, सकाळपासून रात्रीपर्यंत. छाती भरून येते. हात लांबवला तर रेषा मिळेल. पण त्यांना फार थकवा आलेला आहे. ते हात लांबवत नाहीत. दम आपणहून सोडून देतात.

"तू म्हणाली असतीस, टिकते मी," ते म्हणतात. "म्हणून विचारलं नाही. तुला तसं टिकताना बघायची माझ्यात ताकद नव्हती, शालन. तू दमली नव्हतीस. मी दमलो होतो."

तिचा श्वास त्यांच्या पोटरीला लागतो.

"येवढंच येऊन सांगायचं हुतं तवा," ती म्हणते. "मी आपनहून पाय भाईर टाकला असता."

मास्तर तिथेच खाली बसतात. त्यांना खूप रडू येतं. ती पाय सोडत नाही, आणि तिने सोडावा असं त्यांनाही वाटत नाही.

टॉवेल ओला झालेला आहे. ऊन उंबऱ्यापर्यंत सरकलंय आणि सून चहाची कपबशी घेऊन उभी आहे. आबा, पाय का चोळताय, ती विचारते. मास्तर पायजमा वर करतात. डाव्या घोट्यावर मागच्या बाजूने चार बोटं उमटली आहेत, आतल्या अंगाला अंगठा, आणि जरा खाली बांगड्यांच्या बारीक तांबड्या रेघा. काही चावलं का, सून वाकून बघायला लागते. मास्तर नाही म्हणतात आणि कपबशी घेतात. चहा पिऊन होतो तोवर अंगठ्याची खूण फिकी व्हायला लागलेली असते. पायजमा खाली घसरू नये म्हणून ते तो मुठीत धरून बसून राहतात.