मालतीबाईंच्या हातचा काठोकाठ चहा

डॉ. मालतीबाईंची आणि माझी पहिली ओळख शिरूरच्या कोर्टात झाली. त्या साक्षीदाराच्या पिंजऱ्यात आणि मी उलटतपासणीला उभा. अशा ओळखीतून स्नेह जुळल्याची उदाहरणे वकिलीत फार नाहीत. म्हणून पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी माझा लेख मागितला, तेव्हा मी आधी जरा संकोचलोच.

प्रकरण साधे होते. माझा अशील सोपान हा इनामगावचा, रांजणगावला कामगार नेणाऱ्या बसवरचा ड्रायव्हर. सकाळच्या पाळीची बस त्याने रस्त्याकडेच्या कडुलिंबावर घातली आणि दोन कामगारांची हाडे मोडली. पोलिसांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेले. तिथे बाईंनी रक्त घेतले, त्यात दारू सापडली. मी एवढेच विचारले, की सुई टोचण्याआधी हात कशाने पुसला? दारूच्या तपासणीसाठी रक्त घेताना स्पिरिट लावायचे नसते, कारण स्पिरिट ही दारूचीच सख्खी बहीण. "आठवत नाही" म्हणून बाईंना सुटता आले असते. त्या म्हणाल्या, "स्पिरिटने. गर्दीत माझ्याकडून चूक झाली." संशयाचा फायदा मिळून सोपान सुटला.

बाहेर त्याची बायको सुनीता पायरीवर बसून रडत होती. "वकीलसाहेब, आमचं मालक घरी आलं, आन् त्यांच्या मागं बाटली बी येनार. पोरीवर हात उगारत्यात वो. आता कुनाचं भ्याव न्हाई राहिलं त्यांना." मी कायद्याचा माणूस, माझे काम संपले होते. बाई मात्र तिच्याशेजारी पायरीवर बसल्या आणि मला म्हणाल्या, "केस तुम्ही जिंकलात. पेशंट आता माझा."

रोजची दारू एकदम तोडली तर झटके येतात, जिवावर बेतते. हे घरच्या घरी करायचे काम नव्हे, असे बजावून त्यांनी सोपानला दाखल करून घेतले. घरात मारहाण झाली तर बायकोला कायद्याचा काय आधार आहे, ते त्यांनी सुनीतासमोर माझ्याकडूनच वदवून घेतले. सोपान मान खाली घालून ऐकत होता.

पुढे दर सोमवारी त्याला बाईंच्या घरी बोलावणे असे. अशा पेशंटांसाठी त्यांची एक रीत आहे. कपात चहा काठोकाठ ओतायचा आणि पेशंटने तो स्वतः ओट्यापासून अंगणातल्या बाकापर्यंत न्यायचा. रक्ताच्या, लिव्हरच्या तपासण्या त्या करतातच. पण घरच्यांना रिपोर्टातले काही कळत नाही, थरथरत्या हातातल्या बशीचा आवाज मात्र कळतो.

सोपानला पुन्हा बस हवी होती. बाईंनी हरकत नाही म्हटले, की काम मिळणार होते. "सोडली बाई, आईशप्पथ सोडली," असे तो म्हणायचा आणि हातातली कपबशी ताशासारखी वाजायची. बाई रागावत नसत. "चहा गार होतोय, घ्या. पुढच्या सोमवारी या." मीही एकदा रदबदली करून पाहिली. "त्या बसमध्ये तुमच्या मुलाला बसवाल का?" असे त्यांनी विचारले, आणि मी माझा अर्ज मागे घेतला. सोपान मध्ये दोनदा घसरला. एकदा तर डोळे पिवळे होऊन पुन्हा दाखल झाला. बाईंनी त्याचा सोमवार बंद केला नाही.

यंदा बाईंच्या वाढदिवसाला आम्ही सारे त्यांच्या अंगणात जमलो होतो. चहा घेऊन बाई निघाल्या आणि बशी वाजू लागली. वय झाले आहे, त्यांचाच हात आता थरथरतो. सोपान उठला. "द्या बाई हिकडं," म्हणत त्याने कप घेतला आणि बाकापर्यंत नेऊन ठेवला. सुनीता नवऱ्याकडे नव्हे, बशीकडे बघत होती. बशीत थेंब सांडला नव्हता. मला त्या क्षणी जे समाधान वाटले, ते कोणत्याही निकालाने दिलेले नाही.

बाई बाकावर बसल्या, एक घोट घेतला आणि म्हणाल्या, "सोपानराव, आता तुमच्या बसमध्ये मी बसेन."

त्या बसमध्ये बसायला बाईंना चांगले ठणठणीत, उदंड आयुष्य लाभो. शिरूरहून, दौंडहून अजूनही दर सोमवारी कुणी ना कुणी त्या बाकावर येऊन बसते. त्या सगळ्यांच्या बशा शांत होईपर्यंत तरी बाईंनी आजारी पडू नये, एवढेच माझे मागणे.